नववी मागणी

नगरपालिकेत त्यांना सगळे यादीबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं 'बाई'. पाठ वळली की यादीबाई. शिपायापासून नगराध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ते नाव सोयीचं होतं, बाईंना ते ठाऊक होतं, पण त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. टायपिस्ट म्हणून लागल्या तेव्हा त्या जिन्याखालच्या कोंदट खोलीत बसायच्या. आता हेडक्लार्क होऊन पहिल्या मजल्यावर खिडकीपाशी बसत होत्या, निवृत्ती जवळ आली होती, आणि या सगळ्या काळात एक काम त्यांच्या टेबलावरून कधी हललं नाही. राज्याचं अधिवेशन भरण्याआधी गावाने आपल्या आमदारांच्या हाती मागण्यांची यादी द्यायची, असा रिवाज होता. कायदे तिकडे राजधानीत होतात, चटके इकडे बसतात, म्हणून कुठला कायदा बदलून हवा नि कुठला नवा हवा ते गावाने लिहून कळवायचं. ते लिहायच्या त्या बाई.

यादीला नियम होते आणि ते कुठे छापलेले नसले तरी मोडायची कुणाची छाती नव्हती. मागण्या दहाच, आणि त्या एकाच पानावर बसल्या पाहिजेत, कारण आमदारसाहेब पान उलटत नाहीत असा जुना अनुभव होता. पहिली मागणी अशी हवी की ती हमखास मिळणार, किंबहुना मिळालेलीच असणार, म्हणजे साहेबांना पुढच्या सभेत छाती काढून सांगता येतं की तुमची पहिली मागणी मी पहिल्याच दिवशी पुरी केली. दहावी मागणी 'इतर विकासकामे'. तिचा अर्थ आजवर कुणी विचारला नाही आणि कुणी सांगितलाही नाही. सगळ्यात पक्का नियम हा, की जी मागणी मंजूर झाली तिच्यापुढे 'पूर्ण' असं लिहायचं आणि पुढची निवडणूक होईपर्यंत तो विषय पुन्हा काढायचा नाही. एकाच गोष्टीसाठी दोनदा हात पसरला तर देणाऱ्याची शोभा जाते, असं नगराध्यक्ष म्हणत. घेणाऱ्याच्या शोभेबद्दल ते काही बोलत नसत.

या यादीतली नववी मागणी बाईंची होती. तशी ती गावाचीच, रीतसर ठराव होऊन आलेली, पण तिच्यासाठी भांडणाऱ्या बाई एकट्या. गावाच्या मधोमध राज्याचा रस्ता जातो. एका अंगाला शाळा, दुसऱ्या अंगाला वस्ती, आणि मधून दिवसभर खडीचे, सिमेंटचे, लाकडाचे ट्रक. फूटपाथ नगरपालिकेचा आणि रस्ता राज्याचा, अशी तिथली वाटणी आहे. फूटपाथवर बाक ठेवायचा, कुंडी ठेवायची, खांब रोवायचा, काय हवं ते नगरपालिकेने करावं. पण फूटपाथच्या कडेवरून पाऊल खाली टाकलं की राज्य सुरू. शाळेसमोर एक सिग्नल बसवायचा तर कायदा म्हणतो, त्या जागी तीन वर्षांत माणसं जखमी झाल्याचे तीन अपघात पोलिसांत नोंदलेले हवेत. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की हा कायदा बदला आणि गावाच्या हद्दीत सिग्नल कुठे हवा ते गावाला ठरवू द्या. आधी पोरं चिरडू द्यायची आणि मग दिवा लावायचा हा कुठला न्याय, असं त्यांनी एका वर्षी मसुद्यात सरळ लिहिलं होतं. नगराध्यक्षांनी ते वाक्य काढायला लावलं आणि तिथे 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असं आलं.

बरं, तीन अपघात का होत नव्हते? तर बाईंचे दादा होऊ देत नव्हते.

दादांनी उभं आयुष्य ट्रक चालवला. वडील लवकर गेले, तेव्हा ते शाळा सोडून क्लीनर म्हणून ट्रकवर चढले आणि पुढे धाकट्या बहिणीला टायपिंगच्या वर्गात घातलं. सुट्टीवर घरी असले की त्या वर्गापर्यंत पोचवायलाही यायचे. बाई तेव्हा चांगल्या सतरा वर्षांच्या, पण हाच रस्ता दादा त्यांना हाताला धरून ओलांडून द्यायचे. मैत्रिणी हसायच्या. दादा म्हणायचे, हसू दे, ट्रकमध्ये वर बसून खाली काय दिसतं ते मला माहीत आहे. पुढे ते निवृत्त झाले त्या वर्षी एकदा शाळा भरताना त्यांच्या डोळ्यांदेखत एका मुलीच्या दप्तराचा पट्टा ट्रकच्या हुकात अडकला. मुलगी सुटली, दप्तर चाकाखाली गेलं, आतला डबा सपाट पत्रा होऊन बाहेर आला. दप्तराचा अपघात नियमात बसत नाही, त्यामुळे त्याची नोंद नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा शिट्टी घेऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि मग रोजच राहू लागले. पोरांनी त्यांचं नाव शिट्टीआजोबा ठेवलं. सिग्नल आला की मी घरी बसतो, असं त्यांनी तेव्हा वहिनींना सांगितलं होतं. वहिनींना वाटलं, महिनाभराची गोष्ट आहे.

बाईंचं लग्न झालं नाही. का झालं नाही ही वेगळी कथा आहे आणि ती सांगण्यासारखी नाही. दादा-वहिनींच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्या राहायच्या, स्वयंपाकघर एकच. त्यामुळे यादीचे दिवस आले की वहिनींचं सुरू व्हायचं.

"तुझ्या त्या यादीत माझी पण एक मागणी घाल," वहिनी म्हणायच्या. "सकाळचा चहा घ्यायला माझा नवरा घरी हवा. अकरावी म्हणून घाल."

"दहाच्या वर जात नाही, वहिनी."

"मग त्या इतर विकासकामांत घाल."

हसून बोलायच्या, पण ते हसणं वर्षागणिक सुकत चाललं होतं. दादांनी सत्तरी ओलांडली होती. इंजिनाच्या शेजारी बसून बसून डावा कान कधीच गेला होता, आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरत होता. डाव्या बाजूने येणारा ट्रक त्यांना ऐकू यायचा नाही आणि उजव्या बाजूचा नीट दिसायचा नाही. सकाळी ते गेले की शाळेची घंटा होईपर्यंत वहिनी चहा पुन्हा पुन्हा गरम करत बसायच्या. हॉर्न जरा लांबला की हातातलं भांडं खाली ठेवून दारात यायच्या.

आणि राज्याकडून दरवर्षी तेच उत्तर यायचं. सदर ठिकाणी अपघातांची नोंद नसल्याने मागणीचा विचार करता येत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. बाईंनी एकदा दादांना जेवताना हे सगळं बोटांवर समजावून सांगितलं होतं. तू उभा आहेस म्हणून अपघात नाहीत, अपघात नाहीत म्हणून सिग्नल नाही, आणि सिग्नल नाही म्हणून तू उभा. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग काय करू, दोन-चार पोरं जाऊ देऊ?

त्या हिवाळ्यात दादांना ट्रकच्या आरशाचा फटका बसला. त्यांनी घरी सांगितलं नाही. वहिनींनी शर्ट बदलताना दंडावरचा काळानिळा डाग पाहिला आणि विचारलं, तर म्हणाले दारावर आपटलो. कुठल्या ट्रकचं दार, असं वहिनींनी विचारल्यावर मात्र त्यांनी आरशाचं कबूल केलं. बाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. तो डाग बघून त्यांच्या मनात पहिला शब्द आला तो 'लागलं का' हा नव्हता. 'एक झाला' असं त्यांच्या मनात आलं. तीनातला एक. आपण कुठल्या थराला गेलो, असं त्यांना वाटलं. तरीही जेवण झाल्यावर त्यांनी दादांना म्हटलंच, की पोलिसांत नोंद कर.

"तो पोरगा नवा आहे ट्रकवर," दादा म्हणाले. "लायसन्स जाईल त्याचं. आरसे मीही लावलेत लोकांना."

"दादा, एक तरी नोंदू दे रे."

"मी नोंदीसाठी उभा राहतो का तिथे?"

बाईंना इतका राग आला की त्या उठून मागच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. राग दादांचा होता, त्या नव्या पोराचा होता, राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा होता.

यादीची सभा नेहमीसारखी झाली. लांब टेबल, एक डगमगती खुर्ची जिच्यावर कुणी बसत नाही, आणि प्रत्येक सदस्याची एकेक लाडकी मागणी. एकाला बाजाराच्या कराचा कायदा बदलून हवा होता, एकाला तलावाची मालकी राज्याकडून गावाकडे हवी होती, एकाला काय हवं होतं ते त्यालाच सांगता येत नव्हतं, पण ते पाचव्या नंबरच्या खाली नको होतं. बाईंची मागणी गेल्या वर्षीसारखीच घसरत घसरत नवव्यावर येऊन टेकली. या वेळी त्या गप्प बसल्या नाहीत. त्या उठून बोलल्या, आवाज चढला, टेबलावरचा पाण्याचा ग्लास हलला. नगराध्यक्ष मूळचे लोखंडी सामानाचे दुकानदार. गिऱ्हाईक तापलं की आपण थंड व्हायचं हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं आणि समजावलं, की तुमच्या मागणीत सगळे आकडे आणि कलमं आहेत, ती कोण वाचतं? त्यात जरा माणूस आणा.

ही गोष्ट बाईंना पटली. पटली, हीच चूक झाली. त्यांनी घरी जाईपर्यंत न थांबता तिथेच टेबलावर कागद ओढला आणि रागाच्या भरात लिहिलं, की या ठिकाणी एकाहत्तर वर्षांचे, एका कानाने बहिरे वृद्ध गृहस्थ कैक वर्षं ऊन-पाऊस न बघता, एक पैसा न घेता, शिट्टी घेऊन रस्त्यात उभे राहतात आणि केवळ त्यांच्यामुळे इथे आजवर एकही मूल जखमी झालेलं नाही. जे काम राज्याने करायचं ते एका म्हाताऱ्याने करावं ही बाब लाजिरवाणी आहे. नगराध्यक्षांनी वाचलं, 'बहिरे' खोडलं, 'लाजिरवाणी'च्या जागी 'लक्षणीय' केलं, आणि म्हणाले, आता जमलं. बाईंनाही वाटलं, जमलं. हे वाचून दगडालाही पाझर फुटेल, मग आमदार तर काय, शेवटी माणूसच आहे.

यादी द्यायला सगळे विश्रामगृहात गेले. आमदारसाहेब सोफ्यावर, बाकीचे खुर्च्यांच्या कडांवर. साहेबांचं बोट नेहमी पहिल्या तीन मागण्यांवरून फिरायचं आणि मग कागद सचिवाकडे जायचा. त्या दिवशी बोट कागदावर खाली उतरत गेलं आणि नवव्या ओळीवर थांबलं. बाई पुढे वाकून बघायला लागल्या. हा माणूस खरंच आहे का, असं साहेबांनी विचारलं. आहे, माझा भाऊच आहे, असं बाई नगराध्यक्षांच्या आधी बोलून गेल्या. साहेबांनी मान डोलावली आणि कागद घडी घालून सचिवाकडे न देता स्वतःच्या खिशात ठेवला. बाई घरी आल्या त्या जवळजवळ पळतच. वहिनींनी ऐकलं आणि चहात नेहमीपेक्षा चमचाभर साखर जास्त घातली.

आठवड्याभरात साहेब सकाळी शाळेसमोर आले. वहिनींनी दादांच्या शर्टाला इस्त्री केली होती आणि गळ्यापर्यंतचं बटण लावायला लावलं होतं. पुढे पोलिसांची गाडी, मागे पोलिसांची गाडी, चार कॅमेरे. साहेब दादांच्या शेजारी उभे राहिले, हात वर केला, आणि ट्रकांची रांग निमूट थांबली. दादा घरी आल्यावर म्हणाले की ट्रक त्याच्यासाठी नव्हते थांबले, पोलिसांसाठी थांबले होते. पण तिथे रस्त्यात साहेबांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, आजोबा, तुम्हाला काय हवं? दादा म्हणाले होते, सिग्नल.

"सिग्नलला माणुसकी नसते, आजोबा," साहेब हसून म्हणाले आणि दादांच्या त्याच दुखऱ्या दंडावर थोपटलं.

बाई फूटपाथवर उभ्या होत्या. ते वाक्य त्यांना तेव्हाच खटकलं, पण माणूस आशेला लागला की खटकलेलं ऐकूनही सोडून देतो.

अधिवेशन संपलं आणि एका दुपारी नगराध्यक्ष स्वतः जिना चढून बाईंच्या टेबलापाशी आले. आजवर ते कधी वर आले नव्हते. गुडघे धरून उभे राहिले आणि धापा टाकत म्हणाले, की बाई, आपली मागणी कायदा झाली. या नगरपालिकेच्या यादीतली मागणी आजवर कधी कायदा झाली नव्हती. ऑफिसात सगळ्यांना चहा आणि क्रीमची बिस्किटं आली. शिपायाने टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि टपालातून आलेला कागद वाचायला घेतला.

तो त्यांनी दोनदा वाचला. राज्यातल्या कुठल्याही गावाला आता शाळेसमोरच्या रस्त्यावर स्वयंसेवक नेमता येणार होता. काम मानद. जॅकेट आणि शिट्टी राज्याकडून. वय अठरा ते साठ, कान-डोळे ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला हवा. स्वयंसेवकाखेरीज इतर कुणी वाहनं अडवली तर तो गुन्हा. आणि ज्या जागेसाठी असा स्वयंसेवक मंजूर आहे, त्या जागी सिग्नलचा प्रस्ताव विचारात घेतला जाणार नाही. खाली पहिल्या मंजूर जागांची नावं होती आणि त्यात सगळ्यात वर, कौतुकाने, त्यांच्याच गावाची शाळा होती.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, पण इथे तर रेड्यानेच पखालीकडे बोट दाखवलं होतं. बाई कागद घेऊन खाली गेल्या. त्यांनी नगराध्यक्षांना सांगितलं की हे आपण मागितलंच नव्हतं, आपण हक्क मागितला होता, त्यांनी जॅकेट दिलं. नगराध्यक्षांनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून कपात पडलं, आणि ते काढता काढता ते म्हणाले की यादीत त्या म्हाताऱ्याचं लिहिलं कुणी?

"तुम्हीच म्हणालात, माणूस आणा."

"माणूस आणा म्हटलं, बाई. इतका चांगला आणा म्हटलं नव्हतं." मग त्यांना स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं. आवाज उतरवून ते म्हणाले, "आता त्यांनी दिलंय. नको कसं म्हणणार? पूर्ण लिहा."

बाई वर आल्या, यादीची कार्यालयीन प्रत काढली आणि नवव्या मागणीपुढे 'पूर्ण' असं लिहिलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मागण्यांपुढे तो शब्द लिहिताना त्यांना हेवा वाटायचा.

पुढचं काम त्याहून वाईट होतं. अनधिकृतपणे रस्त्यात उभ्या राहणाऱ्या व्यक्तींना नगरपालिकेने लेखी समज द्यावी, असं त्याच कागदात होतं, आणि गावात अशी व्यक्ती एकच. नोटिशीवर सही हेडक्लार्कची. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करायची? शिपायाच्या हाती पाठवणं त्यांना जमेना, म्हणून संध्याकाळी स्वतःच पर्समधून नेली. दादांनी चष्मा लावला, कागद दिव्याजवळ धरला आणि सावकाश वाचला. वाचून झाल्यावर सहीवर बोट ठेवलं.

"ही तुझी?"

"माझ्याच टेबलावरनं जातं सगळं, दादा."

"आणि माझ्या कानाचं? ते त्यांना कुणी सांगितलं?"

बाईंनी सांगितलं की ते आपण लिहिलं होतं, पण नगराध्यक्षांनी खोडलं होतं. कानाची अट राज्याने आपणहूनच घातली. हे खरं होतं, पण बोलताना त्यांनाच ते खोटं वाटलं. दादांनी नोटिशीची घडी घातली, चष्म्याच्या घरात ठेवली आणि चष्मा बाहेरच राहिला.

"तुला रस्ता ओलांडून द्यायचो तेव्हा मी कुणाचा दाखला आणला होता गं?" ते म्हणाले आणि उठून गेले.

वहिनी दारात उभ्या होत्या. खरं तर त्यांच्या मनासारखं झालं होतं, नवरा घरी बसणार होता. पण दादांची पाठ बघून त्या ताटं वाढायला वळल्या. त्यानंतर दोन दिवस दादा बहिणीशी फक्त मीठ-पाण्यापुरतं बोलले.

शाळेत पालकांची सभा झाली. बाईंनी नवा कायदा वाचून दाखवला आणि स्वयंसेवक हवा असं आवाहन केलं. पालकांनी शिट्टीआजोबांसाठी जोरात टाळ्या वाजवल्या, दोन आयांनी डोळे टिपले. कोण उभं राहणार, असं विचारल्यावर मात्र सगळ्यांना खुर्चीखाली पडलेलं काहीतरी शोधायचं होतं. कुणाला सकाळी कामावर जायचं होतं, कुणाचे गुडघे दुखत होते. एकाने विचारलं, मला ट्रकने उडवलं तर माझ्या बायकोला काय मिळणार? प्रश्न रास्त होता. कायद्यात त्याचं उत्तर नव्हतं.

तोवर त्यांच्या टेबलावर जॅकेटाचं पाकीट येऊन पडलंच होतं. सोमवारी सकाळी शाळा भरणार होती आणि रस्त्यात कुणी नसणार होतं. बाई साठीच्या अलीकडे होत्या, कान ठीक, चष्म्याने दिसायचं चांगलं. डॉक्टरने दाखला देताना विचारलं की तुम्हाला कुणी भाग पाडलंय का. बाई म्हणाल्या, मीच पाडलंय. ते जॅकेट एखाद्या धिप्पाड हवालदाराच्या मापाचं होतं. वहिनींनी ते दोन्ही बाजूंनी आत घालून टाके मारून दिले. टाके घालताना त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

बाई रस्त्यात उतरल्या. खिडकीतून इतकी वर्षं हा रस्ता त्या बघत आल्या होत्या, पण वरून बघणं वेगळं आणि त्यात उभं राहणं वेगळं. त्यांनी हात वर केला. पहिला ट्रक थांबला नाही. दुसराही नाही, त्याच्या वाऱ्याने जॅकेट पोटाला चिकटलं. तेवढ्यात मागून हाक आली.

"ट्रककडे बघू नकोस. ड्रायव्हरकडे बघ."

फूटपाथवरच्या बाकावर दादा बसले होते. गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. बाक नगरपालिकेचा, फूटपाथ नगरपालिकेचा, तिथून त्यांना हलवायची राज्याची ताकद नव्हती. तो बाक चार दिवसांपूर्वी बाईंनीच सही करून तिथे हलवून घेतला होता, का ते कुणाला न सांगता.

"हात अजून वर. त्याने तुला पाहिलं का ते आधी बघ. पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नकोस."

बाईंनी तिसऱ्या ट्रकच्या काचेमागचा चेहरा शोधला आणि त्याच्यावरून नजर हलवली नाही. ब्रेक करकरले. ट्रक थांबला. पोरांचा लोंढा पुढून गेला, त्यातल्या एका लहान मुलीने जॅकेटाचं टोक धरून ठेवलं आणि पलीकडे पोचल्यावरच सोडलं. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, आजोबा गेले की काय? बाईंनी बाकाकडे बोट दाखवलं. दादांनी हात केला. रस्त्यात नसले तरी घामाने त्यांचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. बहीण मधोमध उभी असताना इकडे बसणं त्यांना रस्त्यात उभं राहण्यापेक्षा जड जात होतं, हे बाईंना तिथूनही कळलं.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. बाईंना ऑफिसात पोचायला उशीर होतो आणि नगराध्यक्ष त्याबद्दल ब्र काढत नाहीत. पुढच्या वर्षीची यादी झाली. नववी जागा रिकामी होती, तिथे गावाच्या वेशीवर स्वागत कमान हवी अशी मागणी आली आणि एका आवाजात मंजूर झाली. बाईंनी ती टाइप केली. सिग्नलचा विषय निवडणुकीआधी काढता येणार नाही, आणि निवडणूक होईल तोवर बाईंनाही साठ पुरी होतील. मग त्या जॅकेटात कोण शिरणार, हा प्रश्न त्यांनी सभेत विचारला. इतर विकासकामांत बघू, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. बाईंनी कागद गोळा केले आणि हसणं संपायच्या आत त्या बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ-बहीण घरी परतले तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. हातात चहाचं भांडं, किती वेळा गरम केलं असेल कुणास ठाऊक, चहा काळा पडला होता. दादा चपला काढून आत गेले. बाई जॅकेटाची चेन काढायला लागल्या, ती मध्येच अडकली. वहिनींनी भांडं खाली ठेवलं आणि ती चेन स्वतःच्या हाताने सोडवली.

"मी एकच माणूस परत मागितला होता," त्या म्हणाल्या. "आता सकाळी दोघांची वाट बघत बसते. लिही हेही. पुढे 'पूर्ण' लिही."